बोलत चढायचा डोंगर

डोंगरावर कसं चालायचं ते मला माझ्या जावेनं शिकवलं. मी तिला अक्का म्हणते. ती माझ्या थोरल्या दिरांची बायको. दीर वारून बरीच वर्षं झाली, आणि माझा नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर गेला तो सणाला येतो, कधी सणालाही येत नाही. घरात आम्ही दोघीच. शेत म्हणावं असं आमच्याकडं काही नाही. जे आहे ते डोंगरावर. पाऊस उघडला की सीताफळं, नंतर झाडण्यांचं गवत, उन्हाळ्यात सरपण. अक्का ते वरून आणायची. मी घर बघायची आणि टोपल्या घेऊन तिच्याबरोबर हुमनाबादला विकायला जायची. तिथंही मी टोपलीमागं बसून राहायची, गिऱ्हाइकाशी बोलायचं काम अक्काचं.

मग एका वर्षी सीताफळांचे डोळे उघडायला लागले तेव्हा अक्का म्हणाली, "यंदा तू बी वर यायचंस."

तिला एवढी घाई का झाली होती ते मला तेव्हा कळलं नाही. तिचे डोळे जायला लागले होते. उजव्यानं जवळजवळ दिसत नव्हतं, डाव्यावर साय धरली होती. बसवकल्याणला तपासणीच्या शिबिरात तिला ऑपरेशन सांगितलं होतं. त्यानंतर काही दिवस वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. म्हणजे एक हंगाम बुडाला. तो हंगाम मला एकटीनं काढता यायला पाहिजे, तोवर थांबायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. मला त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. हे सगळं मला उशिरा, दवाखान्यात कळलं. पण इथं आधीच लिहिते, कारण त्या दिवसांतलं तिचं कुठलंही बोलणं आठवलं तरी मला आता आधी तिचे डोळे आठवतात.

माझं माहेर मन्नाएखेळ्ळीच्या बाजूचं, काळ्या रानाचं. तिथं उंबऱ्यात उभं राहिलं की सडकेवरून कोण येतंय ते गावाच्या शिवेपासून दिसतं. पाय कुठं ठेवायचा याचा विचार तिथं फक्त चिखलात करावा लागतो. सासरचं गाव डोंगराच्या अगदी कुशीत. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही महिने मला सकाळी उठल्यावर तो डोंगर अंगावर आल्यासारखा वाटायचा. नंतर सवय झाली, पण वर जायची वेळ कधी आली नव्हती.

पहिल्या दिवशी अक्कानं माझ्या पायांकडं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"ह्या चपला घालून कुठं निघालीस? लग्नाला?"

मी प्लास्टिकच्या नव्या चपला घातल्या होत्या. तिनं मला तिच्या टायरच्या दिल्या, मागं टाचेला पट्टा असलेल्या. स्वतः तिच्या जुन्या, झिजलेल्या घातल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन घट्ट खोचायला लावलं. मला लाज वाटली. मी इकडं तिकडं बघायला लागले तर म्हणाली, "कोण बघायलंय तुला? माकडं? बघू दे की."

चढ सुरू झाला आणि मी भरभर चालायला लागले. एकदाचं वर पोचावं म्हणून. थोड्याच वेळात छाती धडधडायला लागली, तोंड सुकलं. अक्का मागून तिच्याच चालीनं येत होती.

"बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काय बी बोल. बोलता येतंय का बघ."

मला दोन शब्दसुद्धा धड निघेनात.

"मग लई भरभर चालायलीस. चढाला बोलत बोलत जाता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की समजायचं, चाल कमी करायची. दमलेला पाय कुठं बी पडतो."

त्या दिवसापासून तिनं मला बोलतच चालायला लावलं. आणि मला पुढं ठेवलं. ती मागं. "तू पुढं हो, वाट तुला कळाय पाहिजे. काय दिसायलंय ते सांगत चल." मी माणसांत तोंड उघडत नाही हे साऱ्या गावाला माहीत होतं. मला वाटलं, माझी भीड मोडावी म्हणून अक्का असं करते. मला ते छळल्यासारखं वाटायचं. तरी मी सांगत जायची. इथं सुटा मुरूम आहे. इथं पायरीसारखा दगड आहे, पण हलतोय. पुढं पळसाचं झाड, त्याच्यापाशी वाट डावीकडं वळते. मी थांबले की मागून आवाज यायचा, "कामून गप बसलीस? जीभ खाली घरी ठेवून आलीस व्हय?"

आता कळतं. ती माझ्या बोलण्यावर पाय टाकत होती.

ती शिकवायची ते सगळं असं चालता चालता, शिव्या देत देत. लाल दगडाच्या चुऱ्यावर पाऊल टाचेवर टाकायचं नाही, सगळा तळवा टेकवायचा. उतारावर सरळ खाली बघत उतरायचं नाही, अंग आडवं करायचं आणि गुडघे सैल ठेवायचे. दगडावर भार टाकायच्या आधी त्याला पायानं विचारायचं, हा तिचाच शब्द. गवताला धरायची पाळी आली तर शेंड्याला नाही, बुडाला धरायचं. उतरताना एकीच्या खाली दुसरीनं राहायचं नाही, कारण वरचीच्या पायाखालून दगड सुटला तर तो खालचीलाच लागतो. ओझं चढताना डोक्यावर चालतं, उतरताना मात्र पाठीला बांधायचं आणि हात मोकळे ठेवायचे. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. आणि मधून मधून थांबून मागं वळून बघायचं.

"मागं काय बघायचंय?" मी एकदा विचारलं.

"परत जाताना हीच वाट दुसरी दिसती. आताच तिचं तोंड बघून ठेव. मग ओळख राहती."

मी मागं वळायची तेव्हा ती खाली बघत उभी असायची. मला वाटायचं दम खातेय.

आणखी एक गोष्ट ती बजावून सांगायची. डोंगरावर पडायचं नाही. "मरायचं असलं तर घरी मर. इथं पडलीस तर उचलाय चार माणसं लागतील, आणि आपल्या घरात मागं राहील ती एकच. तिनं कुठं कुठं बघायचं?" ती हे हसत म्हणायची.  पण ते खरं होतं. दोघींतली एक जरी बसली तरी आमची चूल बंद पडणार होती.

माथ्यावर पोचलं की झाडं संपतात आणि मोठा माळ लागतो. सगळा लाल, खडबडीत दगड. त्यावर पायवाट उमटत नाही. माळाच्या एका अंगाला कडा आहे, दुसऱ्या अंगाला खाली गावाकडं उतरणारी वाट. ती सापडावी म्हणून जुन्या बायकांनी ठिकठिकाणी दगडांचे ढीग करून ठेवलेत. त्यांना आमच्यात खूण म्हणतात. येणाराजाणारा एक दगड त्यावर टाकतो. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसते.

आता डोंगराच्या पलीकडच्या बाजूनं वरच्या देवळापर्यंत डांबरी सडक झाली आहे. लोक गाडीनं येतात, फोटो काढतात. आणि नवस बोलतात. ज्याला स्वतःचं घर व्हावं असं वाटतं तो माळावर दगडावर दगड रचून छोटं घर करून ठेवतो. हे आपल्याकडं पुष्कळ डोंगरांवर करतात. पण सडक झाल्यावर आमच्या माळावर अशी घरं इतकी झाली की लांबून बघितलं तर कुठली खूण आणि कुठला नवस ते कळेना.

"खुणेला दगडफूल असतं," अक्कानं मला जवळ नेऊन दाखवलं. मसाल्यात घालतो तेच, करडं, पापुद्र्यासारखं, दगडाला चिकटलेलं. "हे धरायला लई वर्षं लागतात. नवसाचा दगड कोरा असतो. कोऱ्या दगडाचं ऐकायचं न्हाई."

एवढं सांगताना तिनं त्या दगडावरून बोटं फिरवली होती. बघितलं नव्हतं, चाचपलं होतं. हे माझ्या तेव्हाही लक्षात आलं होतं. पण म्हातारी माणसं अशी हात लावून बोलतातच, असं मला वाटलं.

"तू न्हाई का कधी रचलंस घर?" मी विचारलं.

"मी?" ती हसली. "आहे त्या घराचे पत्रे उडायलेत. देवाला म्हणेन, आधी ते धर."

धुई, म्हणजे दाट धुकं, आली तर काय करायचं तेही तिनं सांगितलं होतं. एका खुणेपाशी उभं राहून दुसरी दिसत नसली तर तिथंच बसायचं. हलायचं नाही. धुई उन्हाला विरते, बसलेल्या माणसाचं काही जात नाही. आणि लांब पडलं तर हाक द्यायची. तिची हाक लांबलचक, शेवटी वर चढत जाणारी. ती हाक गावात ऐकू यायची. कड्याच्या वर एक जागा आहे, तिथून तर खालची चूल फुंकणारी बाईसुद्धा मान वर करायची. मला तिनं तिथं उभं करून कितीदा तरी हाक द्यायला लावली. माझा आवाज ओठांतच राहायचा.

"ही काय हाक हाय? पोराला झोपवायलीस व्हय?"

"मला न्हाई जमायचं, अक्का. खाली माणसं हायत."

"माणसं हायत म्हणूनच द्यायची."

हे एक सोडून बाकीचं मला बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. हंगाम अर्धा झाला होता. ती मला म्हणाली होती, "दिवाळीनंतर तू एकटी येशील. मला बसवकल्याणला जरा काम हाय." काय काम ते मी विचारलं नाही.

त्या सकाळी आम्ही माळाच्या पलीकडच्या उतारावर दोन्ही पोती भरून परत निघालो होतो. माळावर आमचे चुलत सासरे भेटले. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. त्यांची कालवड रात्री दावं तोडून डोंगरात आली होती, तिला शोधत ते पलीकडच्या बाजूनं वर चढले होते. कालवड मिळाली नव्हती आणि त्यांचा जीव वैतागला होता. मी पदर पुढं ओढला आणि अक्काच्या मागं झाले. आमच्याकडं धाकटी सून चुलत सासऱ्यापुढं बोलत नाही आणि त्यांच्याकडं पाठ करून चालतही नाही. अक्का वयानं मोठी, तिला तेवढी मुभा होती.

आम्ही पहिल्या खुणेपाशी आलो आणि खालच्या घळीतून धुई वर आली. बघता बघता सगळा माळ पांढरा झाला. पुढची खूण दिसेना.

अक्का बसली. मीही बसले.

"बसलाव कामून?" अप्पा म्हणाले.

"धुई जाऊ द्या अप्पा. उन्हं आली की निघू."

"उन्हं कधी यायची? तिकडं म्हशी ओरडायल्या असतील. धारा काढायच्या राहिल्यात, डेअरीची गाडी थांबती व्हय?"

"वाट दिसत न्हाई."

"तुला दिसत न्हाई?" अप्पा हसले. "सारं गाव म्हणतंय, डोंगर तुझ्या हाताखालचा हाय. मी खालच्या रानातला माणूस, मला कळत न्हाई. तू म्होरं हो."

 अक्का एकदा माझ्याकडं वळली. माझा चेहरा पदराआड होता. मग ती उठली. तिच्या मनात काय होतं ते मी आता फक्त अंदाजानं सांगू शकते. मला पुढं घालून बोलत चालायला लावावं, तर अप्पांसमोर तसं होणार नव्हतं. दिसत नाही म्हणून सांगावं, तर ते गावभर झालं असतं आणि तिला कुणी डोंगरावर जाऊ दिलं नसतं. मोठ्यांनी चल म्हटल्यावर बसून राहणंही तिला जमलं नाही.

"तू सगळ्यात मागं ये," तिनं मला सांगितलं. "अप्पांचा पाय बघून पाय टाक."

अशा रीतीनं आम्ही निघालो. पुढं अक्का, मधी अप्पा, मागं मी. अप्पांच्या पाठीपलीकडं मला काही दिसत नव्हतं. अक्काचे पाय दगडावर घासत जायचे तेवढं ऐकू यायचं. ती हळू चालत होती, पायानं विचारत विचारत. अप्पा बोलत होते, कालवडीबद्दल, दाव्याबद्दल. मी एकदा खोकले. तेवढंच मी करू शकत होते.

"हां, ही खूण आली," पुढून अक्का म्हणाली. तिच्या आवाजात सुटल्यासारखं होतं. "आता इथून उजवीकडं."

अप्पा वळले. मी त्या खुणेपाशी पोचले. ती उंचीला लहान होती, निमुळती, चपटे दगड नीट जुळवून लावलेले. वर झेंडूचं फूल खोचलं होतं, सुकलेलं. दगड कोरे होते. एकावरही दगडफूल नव्हतं. अप्पांसमोर अक्कानं ते चाचपून बघितलं नसावं.

"अक्का!" मी म्हणाले. अप्पांसमोर माझ्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. तो मोठ्यानं निघाला की नाही मला माहीत नाही. त्याच वेळी पुढं दगड सुटल्याचा आवाज आला, मग पोतं आपटल्याचा, आणि मग काहीच नाही.

अप्पा जागच्या जागी थिजले होते. कड्याची ती बाजू फार उंच नाही, खाली एक कपार आहे, माणसाच्या उंचीहून थोडी जास्त खोल. मी अप्पांना बाजूला केलं. खरंच हातानं बाजूला केलं. अंग आडवं करून, गवताच्या बुडाला धरून खाली उतरले. सीताफळं फुटून सगळीकडं पांढरा गर पसरला होता. अक्का त्यात एका कुशीवर पडली होती. तिचा डावा पाय भलतीकडंच वळला होता.

"पडले व्हय गं मी?" ती म्हणाली.

मला रडू आलं.

"रडू नको. अप्पांना सांग, बसा म्हणावं. हलू देऊ नको, न्हाईतर ते बी येतील खाली." मग दम घेऊन म्हणाली, "कोरी होती का गं?"

मी मान हलवली. तिला दिसलं नसावं. तिनं परत विचारलं, "कोरी होती का?"

"व्हय अक्का."

"मग जा. हाक दे. मला छाती भरता येईना."

मी वर आले, अप्पांना त्या नवसाच्या घरापाशी बसवलं, आणि कड्याच्या कडेनं चाचपत, दगडफूल बघत, त्या हाकेच्या जागेवर गेले. उभी राहिले. खाली सगळं पांढरं. मी हाक दिली. पहिली माझी मलाच नीट ऐकू आली नाही. मग देत राहिले. अक्काची हाक जशी शेवटी वर चढते तशी माझी चढली नाही, मध्येच फाटायची. पण देत राहिले. कितीतरी वेळानं धुईच्या खालून एका बाईचा आवाज आला, "कोण हाय गं वर?" आणि मी माझं नाव न सांगता, अक्काची धाकटी जाऊ, अक्का पडली, असं ओरडले.

माणसं घोंगडी घेऊन आली. झोळी करून तिला खाली नेलं.

नंतर अप्पांनी गावात सांगितलं, "धाकटीला आवाज हाय की! आम्हाला वाटलं मुकी आणलीय." बायका हसल्या. एकीनं मला नळावर डिवचलंही, "आम्हाला बी ऐकव की एकदा." अप्पांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते दवाखान्यात दोनदा येऊन गेले, अक्काच्या पायांशी थोडा वेळ बसले आणि उठले. कालवड दुसऱ्याच दिवशी आपण होऊन घरी आली होती.

बीदरच्या दवाखान्यात अक्काच्या खुब्याच्या हाडात सळई घातली. तिथल्या डॉक्टरबाईंनी तिच्या डोळ्यांवर बॅटरी मारून बघितली आणि मला बाहेर बोलावलं. "ह्या किती दिवसांपासून अशा आहेत? ह्यांना डोंगरावर कोण जाऊ देत होतं?"  मी आत आले तर अक्का छताकडं तोंड करून पडली होती.

"सांगितलं व्हय त्यांनी?"

"व्हय."

"तुला एकटीला जमाय पाहिजे होतं आधी," ती म्हणाली. "एवढा हंगाम झाला असता तर केलंच असतं." आणि मग जरा वेळानं, "तुला मी लई शिव्या दिल्या न्हाई का."

तेव्हापासून ती धड चालली नाही. काठी धरून उंबऱ्यापर्यंत येते, तिथं धाप लागते, परत फिरते. डोळ्यांचं अजूनही होईल असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मी दोनदा विषय काढला. पहिल्यांदा ती म्हणाली, "आधी पाय होऊ दे." दुसऱ्यांदा म्हणाली, "आता बघायचं काय? पत्रे?" मी परत काढला नाही. कधी वाटतं काढायला पाहिजे होता, तिला ओढून न्यायला पाहिजे होतं. पण तिला आजवर कुणी कुठं ओढून नेलेलं नाही.

मी एकटी डोंगरावर जाते. मला जमतं. चढताना स्वतःशी बोलत जाते, दम बघण्यासाठी, आणि सवयीनंही. इथं मुरूम आहे, इथं हलता दगड आहे. मागं वळून वाटेचं तोंड बघून ठेवते. खाली निघायच्या आधी कड्यावरच्या त्या हाकेच्या जागेवर उभी राहून हाक देते. आता लाज वाटत नाही. अक्का खाली बाजेवर ऐकते आणि शेजारणीला सांगते, निघाली.

माळावर कड्याच्या बाजूला रचलेली घरं मी मोडणार होते. पहिल्यांदा गेले तेव्हा पायानं ढकलायला पाय उचललाही. ते झेंडूचं फूल तिथंच होतं, काळं पडलेलं. कुणीतरी हे लावताना मनात काय काय आणलं असेल, दोन खोल्या, भिंतीला रंग, दारात तुळस. मला ढकलता आलं नाही. मग मी खाली बसले आणि एक एक दगड उचलून माळाच्या देवळाकडच्या बाजूला नेला, आणि जसं होतं तसं तिथं परत रचलं. फूलही वर ठेवलं. आता जाते तेव्हा कड्याजवळ नवीन काही दिसलं तर तसंच करते. पोती भरायला उशीर होतो.

एकदा एक जोडपं समोरच रचत होतं. बाई पोटुशी होती. इथं नको, तिकडं रचा, एवढं सांगायचं होतं. हाकेच्या जागेवरून मी सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी हाक देते, पण त्या दोघांपाशी जाऊन मला ते सांगता आलं नाही. ती दोघं गाडीत बसून जाईपर्यंत मी माळाच्या कडेच्या सीताफळीच्या आड थांबले. मग त्यांचं घर हलवलं.

घरी आल्यावर अक्काला सांगितलं तर म्हणाली, "बरं केलंस. पण दार कुणीकडं केलंस त्यांच्या घराला?" आणि हसली. पडल्यापासून तिचं असं हसणं मी क्वचितच ऐकलं आहे.

संध्याकाळी मी चूल पेटवते तेव्हा ती बाजेवरून म्हणते, "बोल." मी डोंगर सांगायला लागते. गावाबाहेरच्या नाल्यापासून. नाला ओलांडला, मुरूम लागला, आज ओला होता. पळसापाशी आले, डावीकडं वळले. ती डोळे मिटून ऐकते. मध्येच टोकते. "पळसाच्या आधी तो बसका दगड सांगितला न्हाईस." किंवा, "सालईला पानं राहिलीत का गळाली?" मला वाटतं, तेवढ्या वेळात ती वर जाऊन येते. तिचे पाय पांघरुणात थोडे हलतात. मी हळू सांगते, तिला दम लागू नये म्हणून.

हल्ली ती फार कमी टोकायला लागली आहे. आधी वाटलं, मी आता नीट सांगते म्हणून. परवा मी सांगत होते. चढ झाला, माळावर आले, पहिली खूण, तिथून दुसरी. मग मी मुद्दाम म्हणाले, "आणि दुसऱ्या खुणेपासून उजवीकडं वळले."

उजवीकडं वळायचं ते फक्त परतताना; चढून येताना उजवीकडं कडा आहे. मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि तिच्या शिवीची वाट बघत थांबले.

"हं," अक्का म्हणाली. "मग?"